काट्याला लावलेलं कुंकू

कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यातला ट्रक मोजायचा काटा मी बिघडवला आणि त्याचं खापर हळदीकुंकवावर फोडलं. हळदीकुंकू बोलत नाही, त्यामुळे ते सोयीचं होतं. ज्या माणसानं ते लावलं होतं तो बोलू शकत होता, बोललाही, पण त्याचं ऐकून घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती. माझी तर मुळीच नव्हती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे कुठेतरी मी स्वतःला हळूच सोडवून घ्यायला बघीन. माझी सवय मला माहीत आहे.

नव्वदीची सुरुवात होती. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन डोंबिवली एमआयडीसीतल्या एका गाळ्यात नोकरीला लागलो होतो. गाळ्यामागचा नाला कधी हिरवा वाहायचा, कधी जांभळा. त्या रंगावरून शेजारी आज कोणता माल निघतोय ते आम्ही ओळखायचो आणि त्यालाच औद्योगिक वातावरण म्हणायचो. आम्ही ट्रकच्या काट्यांना लागणारे आकडे दाखवायचे डबे बनवत होतो. आमच्या मालकांचं म्हणणं असं, की आपण डबे विकत नाही, संगणकीकरण विकतो. त्या काळी ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक कारखान्याला संगणक हवा होता. कशासाठी, ते संगणक आल्यावर ठरायचं होतं. तोवर त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर आणि थंड हवेसाठी एसी एवढी सोय झालेली असे. तेवढी सोय माणसांची कधी झाली नव्हती.

कोलशेतचं काम साधं होतं. काटा फाटकाजवळ, ऑफिस आवाराच्या दुसऱ्या टोकाला. काट्याच्या केबिनमधल्या डब्यावर दिसणारं वजन तारेवरून ऑफिसातल्या संगणकाला कळवायचं आणि तिथे पावती छापायची. याला सिरियल जोडणी म्हणतात. प्रिंटरच्या जाडजूड केबलमध्ये एका अक्षराचे आठ तुकडे आठ तारांवरून शेजारी शेजारी जातात. लांबवर एवढ्या तारा कोण ओढणार. म्हणून सिरियलमध्ये तेच तुकडे एका तारेवरून रांगेनं पाठवतात, रेशनच्या दुकानात माणसं जातात तसे, एकामागून एक. तुकडा म्हणजे फक्त शून्य किंवा एक. दोन्ही टोकांना सामाईक घड्याळ नसतं, म्हणून बोली आधीच करून ठेवावी लागते: सेकंदाला किती तुकडे, एका अक्षराचे किती, शेवटी तपासणीचा तुकडा जोडायचा की नाही. अक्षर सुरू होताना एक तुकडा ‘ऐका’ म्हणतो आणि शेवटी एक ‘झालं’ म्हणतो. वेगाची बोली जुळली नाही तर संगणकाच्या पडद्यावर वजनाऐवजी हसरे चेहरे आणि पत्त्यांतले बदाम उमटतात.

जोडताना एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं असतं. पाठवायची पिन समोरच्याच्या ऐकायच्या पिनला. नवशिके तोंडाला तोंड जोडतात. मग दोघंही बोलत राहतात आणि कोणाला काही ऐकू येत नाही. आमच्या गाळ्यात दर सोमवारी होणारी मीटिंग याच जोडणीवर चालायची.

आणखी एक शिष्टाचार असतो. पाठवण्याआधी ‘पाठवू का?’ असं विचारायचं आणि समोरून ‘पाठव’ आलं की मगच पाठवायचं. त्यासाठी जास्तीच्या तारा लागतात. आम्ही त्या वाचवायचो. डब्याच्याच कनेक्टरमध्ये प्रश्नाची पिन उत्तराच्या पिनला सोल्डरचा डाग देऊन जोडून टाकायचो. मग डबा स्वतःलाच विचारायचा आणि स्वतःच स्वतःला परवानगी द्यायचा. ही युक्ती मी पुढे यंत्रांबाहेरही बरीच वापरली.

काट्याच्या केबिनमध्ये जे बसायचे त्यांना सगळा कारखाना मामा म्हणायचा. कोलशेत गावातले कोळी. घरची होडी होती, ती भाऊ चालवायचा. मामांना गरीब बिचारे समजू नये. ते कमालीचे आढ्यतेखोर होते. ट्रक काट्यावर चढला की हात वर करून उभे राहायचे आणि तो हात खाली येईपर्यंत ड्रायव्हरनं खोकायचंही नाही असा त्यांचा दंडक होता. पावती हातानं लिहायचे, एवढी सावकाश आणि वळणदार, की मागचे ट्रक हॉर्न वाजवायचे. मग ते आणखी सावकाश लिहायचे. खुर्चीवर बायकोनं शिवलेली गोधडीच्या तुकड्यांची उशी होती आणि त्या खुर्चीवर मॅनेजरही बसत नसे. मला ते ‘वायरवाले साहेब’ म्हणायचे. त्यातला ‘साहेब’ कसा उच्चारायचा हे त्यांनी खास माझ्यासाठी ठरवलेलं असावं.

मी आवारातून केबल टाकून घेत होतो तेव्हा ते केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

“एवढी वायर कशाला, साहेब? हितनं आरोळी दिली तर ऑफिसात ऐकू जाते. आमी खाडीपल्याड बोलतो.”

मी म्हटलं, पलीकडच्यानं भलतंच ऐकलं तर? त्यावर त्यांनी सांगितलं, की पलीकडचा ऐकलेलं परत ओरडून सांगतो, चुकलं असलं तर आपण पुन्हा ओरडायचं. मग मीही शिकवायची हौस भागवून घेतली. म्हटलं, आमच्यातही तसंच असतं, त्याला पॅरिटी म्हणतात. अक्षराच्या तुकड्यांमधले ‘एक’ मोजायचे आणि ते सम होतील असा एक जादा तुकडा शेवटी जोडायचा. वाटेत एखादा तुकडा उलटला की हिशोब विषम होतो. काय चुकलं ते संगणकाला कळत नाही, पण समोर आलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही एवढं कळतं. मग तो टूं करून वजन पुन्हा मागतो.

“म्हंजे मशिनीला अक्कल हाय,” मामा म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

काटा सुरू झाला आणि महिनाभर छान चालला. मी वेग सेकंदाला १२०० तुकडे ठेवला होता. एवढ्या लांब केबलला तोच झेपणारा होता. त्यातून आमची केबल रंग घोटायच्या मोठ्या मोटरच्या केबलशेजारून एकाच चरातून नेली होती, कारण दुसरा चर खणायला कारखाना तयार नव्हता.

मग मॅनेजर शहाडकडचा एक कारखाना बघून आले. कोलशेतच्या उन्हात टाय लावून हिंडणारा तेवढा एकच माणूस होता. तिकडच्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं, की आमचं ९६०० वर चालतं. मॅनेजरांनी मला बोलावून विचारलं, की मग आपलं बाराशेच का? वजनाचा आकडा असतो सहा-सात अक्षरांचा. बाराशेनंसुद्धा तो पापणी लवायच्या आत पोचतो आणि ट्रकला कुठे जायची घाई नसते. शिवाय शहाडच्या कारखान्यात काटा ऑफिसच्या खिडकीखालीच होता. हे सगळं मला माहीत होतं. पण आमच्याच ब्रोशरमध्ये ९६०० मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि ते ब्रोशर मॅनेजरांच्या टेबलावर होतं. मी वेग वाढवला. मॅनेजर पडद्याकडे बघून म्हणाले, बघा, किती फरक पडला. मी म्हटलं, हो सर.

फरक दुसऱ्या दिवशी पडला. मोटर सुरू झाली की तारेवरचे तुकडे उलटायला लागले. पॅरिटीनं आपलं काम चोख केलं. संगणक टूं टूं करून वजन पुन्हा पुन्हा मागायला लागला, मामा डब्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबायला लागले आणि ट्रकांची रांग फाटकाबाहेर गेली. त्यात खंडेनवमी तोंडावर आलेली. त्या दिवशी संचालक पूजेला येणार होते.

मॅनेजर म्हणाले, “तो आवाज बंद करा.”

मी सांगायला लागलो, की आवाजाचं कारण असं आहे.

“कारण नको. आवाज बंद करा.”

पुन्हा बाराशेवर जायचं तर वेग वाढवणं चूक होतं हे कोणीतरी कबूल करायला हवं होतं. मॅनेजर करणार नव्हते. मीही केलं नाही. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, कारखाना सुटता सुटता, मी दोन्ही टोकांची पॅरिटी बंद केली. कुत्रा भुंकतो म्हणून चोराला सोडून कुत्र्यालाच हाकललं. कारखान्यात शांतता झाली आणि संगणक येईल ते वजन निमूटपणे छापायला लागला.

खंडेनवमीला मामांनी काट्याची पूजा केली. दरवर्षीच करायचे. डबा पुसून त्याला हळदीकुंकवाची बोटं लावली, केबलला झेंडूची माळ गुंडाळली, कनेक्टरलाही एक बोट लावलं, कारण तोही नवा होता आणि त्याला वगळणं बरं दिसलं नसतं. नारळ बाहेर, काट्याच्या कडेवर फोडला. संचालकांनी हात जोडले. मॅनेजरांनी तर टाय खांद्यावर टाकून वाकून नमस्कार केला. मीही पेढा खाल्ला.

दसरा झाला, कारखाना उघडला आणि पावत्या बिघडल्या. आकड्यांच्या सांकेतिक तुकड्यांत शून्य आणि आठ यांच्यात फक्त एका तुकड्याचा फरक असतो. तो उलटला की शून्याचा आठ. एक आणि नऊचंही तसंच. रिकाम्या पिंपांचा ट्रक खडीच्या ट्रकपेक्षा जड भरला. एकाचं छापलेलं वजन तर असं होतं, की तो खरोखर काट्यावर चढता तर काट्यासकट खड्ड्यात गेला असता. माल देणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि मला बोलावणं आलं.

मी ठाण्याहून बसनं निघालो. काय झालंय हे बस कोलशेतला पोचायच्या आधी मला कळलं होतं. ते कसं सांगायचं, याचाच विचार मी करत होतो. केबिनमध्ये मॅनेजर, मामा आणि दोघे-तिघे हमाल उभे होते. मॅनेजरांनी विचारलं, काय झालं असेल? आणि त्याच क्षणी मला कनेक्टरवरचं कुंकू दिसलं.

मी म्हटलं, “यात ओल गेलीय. कुंकू आणि नारळाचं पाणी.”

सगळ्यात आधी हसले मॅनेजर. मग हमाल हसले, मॅनेजर हसले म्हणून.

मामा म्हणाले, “नारळ मी भायेर फोडला. पाणी हितं आलाच नाय.”

त्यांचं बरोबर होतं. मी लीकेज, शॉर्टिंग असे चार शब्द टाकले. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कनेक्टर पुसला आणि तो लाल झालेला बोळा सगळ्यांना दाखवला. पुरावा म्हणून तो फारच उत्तम होता. कनेक्टरच्या पत्र्याच्या टोपणावरून निघालेलं कुंकू होतं ते. आतल्या पिना कोरड्या, पितळेसारख्या लख्ख होत्या. त्या मी कोणाला दाखवल्या नाहीत. टेस्टिंग करायचंय असं सांगून आधी ऑफिसातल्या संगणकापासून आणि मग केबिनमधून सगळ्यांना बाहेर काढलं, दोन्ही टोकांचा वेग गुपचूप बाराशेवर आणला, पॅरिटी चालू केली आणि दार उघडलं. काटा बरोबर चालायला लागला. मॅनेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वेग किती आहे हे त्यांनी त्यानंतर कधीही विचारलं नाही.

मामांना केबिनमधून काढलं. त्यांच्या जागी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला एक पदवीधर आला आणि मामांना मागच्या आवारात रिकाम्या पिंपांवर नेमलं. पुढच्या खेपेला मी सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा ते पिंपांमध्ये एका पालथ्या पिंपावर बसलेले दिसले. खाली तीच उशी होती. मी ओळख दाखवायला हात वर केला. त्यांनी मान फिरवली नाही, माझ्याकडे बघत राहिले. हात मलाच खाली घ्यावा लागला.

इथवर झालं ते भित्रेपणानं झालं असं म्हणता येईल. पुढचं मी हौसेनं केलं. ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगायला लागलो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, ऑफिसच्या सहलीत सांगितली. डोंबिवलीत दोन माणसं जमली की व्याख्यान होतं. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ या विषयावर तासभर बोललो आणि त्यात काट्याचं कुंकू हा माझा हुकमी किस्सा होता. लाल बोळ्याशी आलो की लोक हमखास हसायचे. विज्ञानाच्या नावानं मी धडधडीत खोटं बोलत होतो आणि शेवटी शाल-श्रीफळ स्वीकारत होतो. श्रीफळ. त्यातलं पाणी मला कधी आठवलं नाही.

बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. व्याख्यानाहून परत येताना तिनं विचारलं, “बोळा लाल झाला हे ठीक आहे. पण कुंकू आत पिनांपर्यंत गेलं होतं का?”

मी तिला विद्युतवहन समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, मी तेवढंच विचारलं होतं. घरी जाऊन तिनं श्रीफळ ओट्याखाली ठेवलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. किस्साही मी त्यानंतर तिच्यासमोर सांगितला नाही.

काही वर्षांनी कोलशेतच्या कारखान्याला नवा डबा हवा होता. मी गेलो तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. केबिनमध्ये पाटी लावलेली होती: यंत्रांस हळदीकुंकू लावण्यास सक्त मनाई आहे. लाल रंगाची पिंपंच्या पिंपं भरणाऱ्या कारखान्यात बोटभर कुंकवाला बंदी. तो पदवीधर केव्हाच सोडून गेला होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, तर त्याच्या जागी आलेल्या मुलानं मला गोष्ट सांगितली. पूर्वी इथे एक म्हातारा होता म्हणे, त्यानं कॉम्प्युटरवर नारळ फोडला, ठिणग्या उडाल्या, संचालकांना शॉक बसला. तो हसत होता. माझ्या शून्याचा आठ होऊन माझ्याकडे परत आला होता.

मामा निवृत्त झाले होते. गावात त्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर होडीचं इंजिन काढून ठेवलेलं होतं आणि सून दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी वस्तू मांडून ठेवत होती. कोयते, वल्ही, जाळी, सगळं पुसून एका बाजूला लावलेलं. इंजिन तिनं गोणपाट टाकून झाकून ठेवलं. मी विचारलं, याची पूजा नाही का? ती म्हणाली, बाबा लावू देत नाहीत.

“इंजिनला नको,” मामा आतून बाहेर येत म्हणाले. “आत काय काय असतं. बिघडला म्हंजे लोक हसतात.”

मला वाटलं होतं त्यांच्या मनात माझ्याविषयी राग असेल. त्या रागाची तयारी करून मी गेलो होतो. पण ते मला खोटारडा समजतच नव्हते. नारळ स्वतःच्या हातानं बाहेर फोडलेला असूनही त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःचंच म्हणणं खोटं ठरवून टाकलं होतं आणि माझं खरं मानलं होतं. त्या केबिनमध्ये तीस पावसाळे बसलेला तो गर्विष्ठ माणूस आता स्वतःच्या होडीला बोट लावायला भीत होता.

मी सगळं सांगितलं. वेग, मोटरची केबल, मॅनेजरांचा हुकूम, मी बंद केलेली तपासणी. सांगताना मॅनेजरांचं नाव मी जरा जास्त वेळा घेतलं. शेवटी मामा म्हणाले, “म्हंजे पल्याडची परत आरोळी यायची, ती तूच बंद केलीस.”

मी म्हटलं, हो.

“आनि तवाच ठावं होतं तुला?”

“बसमधून उतरायच्या आधी.”

त्यांनी इंजिनावरचं गोणपाट उगाच सारखं केलं. मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो तर पाय मागे घेतले.

“मना हितं कशाला सांगतंस? हितं कोण हसला नव्हता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर कारखान्याच्या फाटकातून आत गेलो. नवा डबा विकला जाणार नाही आणि आमचे मालक मला ठेवणार नाहीत, हे दोन्ही विचार वाटभर माझ्याबरोबर होते. यंत्रांना मनाई असल्यामुळे कामगार फाटकाची आणि झाडूची पूजा करत होते. टायवाले मॅनेजर प्रसादासाठी उभे होते, आता टक्कल पडलेले. मामा कोणालाही न विचारता केबिनमध्ये गेले. तिथला मुलगा आपोआप उठला. मामा खुर्चीवर बसले, दार सताड उघडं ठेवलं आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला, पूर्वी ट्रकवाल्यांसमोर करायचे तसा. सगळे गप्प झाले. हात खाली आला.

मी बोललो. माझं मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात बोललो.

“मोठ्यानं बोल,” मामा म्हणाले. “मागं पोचला नाय.”

मग मी मॅनेजरांकडे, हमालांकडे आणि मागे झाडू धरून उभ्या असलेल्यांकडे तोंड केलं आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की कुंकवानं काही झालं नव्हतं, नारळाचं पाणी आत गेलंच नव्हतं, काटा मी बिघडवला होता आणि ते माहीत असून मी मामांना पुढे केलं. मग त्यांच्याकडे वळलो.

“मामा, माझं चुकलं. मला माफ करा.”